अक्काचे टमाटे आणि माझं टाइमटेबल

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या घरात तीन माणसं आणि टोमॅटोची सहा झाडं राहत होती, आणि या नऊ जणांपैकी तहान नक्की कोणाला लागली आहे, हे महिनाभर कोणालाच कळत नव्हतं.

तीन माणसं म्हणजे मी, माझी बायको शोभा आणि माझे वडील बापू. मी एस.टी.त तेहतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची वीस वर्षं कंट्रोलर होतो, म्हणजे स्टँडवर कोणती गाडी कधी लागणार आणि कधी सुटणार हे माइकवरून सांगणारा माणूस. निवृत्त झाल्यावर माझ्या हाताखाली एकही गाडी उरली नाही. मग मी घरातल्या माणसांनाच टाइमटेबल लावलं. बापूंचा चहा सहा पंचवीसला, शोभाची पूजा सात दहाला, जेवण बारा चाळीसला. शोभा पूजेला चार मिनिटं उशिरा बसली तर मी नुसतं घड्याळाकडं बघून खाकरायचो. (तिनं एकदा ते घड्याळच देवांच्या शेजारी पाटावर ठेवलं आणि त्याला हळदीकुंकू वाहिलं. त्यानंतर मी खाकरणं कमी केलं.)

झाडं आली अक्काकडून. अक्का माझी थोरली बहीण, लोह्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. तिच्याकडं गावरान टोमॅटोचं एक बी होतं, तिच्या सासूनं सांभाळलेलं. फळ चपटं, रेघारेघांचं, दिसायला अगदीच बेंगरूळ. पण आंबट असं की अर्धं वरणात टाकलं तर चिंच लागत नाही. दरवर्षी अक्का चांगली फळं निवडून बी काढायची, राखेत घोळून पुरचुंडीत बांधायची. मागच्या पावसाळ्यात तिच्या घरात पाणी झिरपलं आणि पुरचुंडीला बुरशी आली. जे थोडं बी उगवलं त्यातली निम्मी रोपं रानात पानं आकसून मेली. उरली सहा. ती सहा रोपं एका जुन्या डब्यात घालून, मांडीवर धरून, अक्का लातूरला आली.

"यंकट," डबा माझ्या हातात देत ती म्हणाली, "एवढीच ऱ्हायलीत बघ. माझ्या रानात रोग हाय, तिथं लावली तर ही बी जातील. तुझ्या अंगणात टमाट्याचं दुसरं झाड न्हाई. ही तेवढी जगव. फळं पिकली की मी बी काढून नेते."

"तू काळजीच करू नको," मी म्हणालो.

"काळजी करून राहिले म्हणून तर तुझ्यापर्यंत आले ना. ही गेली तर सासूबाईचं बी गेलं. दुसऱ्या कुणाकडं न्हाई हे."

आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्का सहसा रडत नाही. (माझ्या लग्नात रडली होती, पण ती शोभाकडं बघून.) मला एकदम भरून आलं. तेहतीस वर्षांत एवढ्या गाड्या सुखरूप सोडल्या, सहा रोपं काय जड आहेत, असं मी तिला म्हणालोसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी मी रंगाच्या दुकानातून आठ रिकाम्या बादल्या आणल्या. नीट घासल्या, काठोकाठ पाणी भरून ओळीनं ठेवल्या आणि तासभर स्टुलावर बसून तपासल्या. दोन बादल्या बुडातून थेंब थेंब गळत होत्या. त्या मी तशाच परत नेऊन दुकानदाराला दाखवल्या आणि त्याला चांगलं झापलं. आमच्याकडं नळ आठव्या दिवशी येतो. आमच्या शहरानं रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेलं आहे. इथं तांदूळ धुतलेलं पाणी फरशीला जातं, फरशीचं संडासात जातं, आणि पाहुण्यानं पेल्यात घोटभर पाणी टाकलं तर यजमान त्याच्याकडं नाही, पेल्याकडं बघत बसतो. अशा गावात गळकी बादली घरात ठेवायची म्हणजे काय! उरलेल्या सहा बादल्या मात्र एक नंबर होत्या. एक थेंब खाली जात नव्हता.

आमचे शेजारी कांबळे सर, हायस्कूलमधून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, भिंतीवरून डोकावून म्हणाले, "वा व्यंकटराव! एकदम वॉटरप्रूफ काम!"

विज्ञानाच्या माणसानं शिक्का मारल्यावर प्रश्नच मिटला. मी माती भरली, रोपं लावली आणि प्रत्येक बादलीवर, गाडीच्या पाटीसारखं, पांढऱ्या रंगानं एकेका गावाचं नाव लिहिलं: उदगीर, निलंगा, औसा, रेणापूर, अहमदपूर, देवणी. नुसतं 'ते कडेचं झाड' म्हणण्यापेक्षा हे बरं पडतं. मग स्वयंपाकघराच्या दारावर टाइमटेबल चिकटवलं. सकाळी सहा दहा, एक तांब्या. संध्याकाळी पाच चाळीस, एक तांब्या.

शोभानं ते वाचलं. "दोन टायमाला? बारा तांबे पाणी? रोज?"

"लेकुरवाळी झाडं व्हायची आहेत ती."

"टिपाडात आठ दिवसाचं पाणी असतंय. कुणाच्या वाटचं कमी करायचं? बापूंच्या, का माझ्या?"

"माझ्या," मी छाती काढून म्हणालो. "मी अर्ध्या बादलीत आंघोळ करीन. पण एक अट. पाणी फक्त मी घालणार. दुसऱ्या कोणी एक थेंब घालायचा नाही. जबाबदारी एकाची असली म्हणजे गोंधळ होत नाही."

बापू ओसरीतून ऐकत होते. "आन झाडानं सहा बाराला पाणी मागितलं तर?"

"झाडाला सवय लागते, बापू."

पहिले पंधरा दिवस सगळं झकास चाललं. झाडं गुडघ्याला आली, पिवळी फुलं धरली. मी रोज सकाळी फोटो काढून अक्काच्या सुनेच्या मोबाइलवर पाठवायचो. अक्कानं निरोप दिला, "यंकटला म्हणावं, शहाणा झाला." ते वाक्य मी शोभाला तीन वेळा वाचून दाखवलं. चौथ्या वेळी ती उठून गेली.

आणि मग एका दुपारी निलंगा मान टाकून बसलेलं दिसलं.

खालची पानं पिवळी, वरची लोंबलेली. कोणीही बघितलं असतं तर हेच म्हणाला असता की झाडाला तहान लागली आहे. मी लगेच दुपारी बाराची एक जादा फेरी सुरू केली. दोन दिवसांनी निलंग्याबरोबर उदगीरही झुकलं. मी सकाळचा एक तांब्या वाढवून दोन केले. औसा झुकलं. माझी आंघोळ आता अर्ध्या बादलीवरून एका मगावर आली होती. शोभा जेवायला वाढताना ताट लांबून सरकवायला लागली. पण झाडं काही मान वर करेनात. जितकं पाणी घालावं तितकी जास्त तहानल्यासारखी दिसत!

मी कांबळे सरांना बोलावलं. सरांनी चष्मा बदलला, पान उलटंसुलटं केलं आणि मोबाइलवर पंधरा मिनिटं वाचन केलं.

"लोह कमी असू शकतं," ते म्हणाले. "किंवा मॅग्नेशियम. किंवा नत्र. किंवा चुना. किंवा ऊन जास्त. किंवा ऊन कमी."

"सर, यातलं नक्की काय?"

"नक्की म्हणायचं तर," सर विचार करून म्हणाले, "काहीतरी आहे."

संध्याकाळी त्यांनी लोह वाढावं म्हणून गंजलेले खिळे आणि चुना वाढावा म्हणून अंड्यांची टरफलं आणून दिली. आमच्या घरात बापू माळकरी. अंड्याची टरफलं बघून ते ओसरीतून आत गेले आणि दोन दिवस त्या बाजूला फिरकले नाहीत. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

शोभाचं निदान वेगळं होतं. "तुम्ही गावभर फोटो पाठवून राहिले. नजर लागली." तिनं दोन झाडांना लिंबू-मिरच्या बांधल्या. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तो बघतच राहिला. टोमॅटोच्या झाडाला लिंबूही आहे आणि मिरच्याही आहेत!

"काका, हे कोणतं बियाणं म्हणायचं?"

"हायब्रीड," मी म्हणालो. त्या वेळी माझा मूडच तसा होता.

पण खरा गोंधळ पुढंच आहे. एका सकाळी सहा दहाला मी तांब्या घेऊन गेलो, तर बादल्यांतली माती आधीच ओली. ओली म्हणजे काय, चिखल! मी आदल्या संध्याकाळी घातलेलं पाणी बारा तासांत सुकायला हवं होतं, असा माझा अंदाज. मी टाकीचा पाइप तपासला. गळत नव्हता. आभाळ तपासलं. कोरडं होतं. दुपारी पुन्हा बघितलं तर रेणापूरच्या बादलीत चक्क पाणी तरंगत होतं आणि त्यात तांदळाचे चार दाणे होते.

मी स्टुलावर बसून डोकं धरलं. लातुरात पाणी चोरणारा माणूस मी समजू शकतो. टिपाडाला कुलूप लावणारी घरं मी बघितली आहेत. पण रोज गुपचूप येऊन स्वतःचं पाणी दुसऱ्याच्या बादलीत टाकून जाणारा चोर? त्याची तक्रार तरी कोणत्या शब्दांत लिहून द्यायची?

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी झोपायला गेल्यासारखं केलं आणि मागच्या दारानं अंगणात येऊन झाकून ठेवलेल्या मोटारसायकलच्या आडोशाला बसलो. दोन वाजून पाच मिनिटांनी पहिली हालचाल झाली. बापू! एका हातात काठी, दुसऱ्या हातात त्यांचा पितळी तांब्या. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि निलंग्याच्या मुळाशी धार धरली.

"पी लेकरा, पी," ते हळूच म्हणत होते. "त्याला घड्याळ कळतंय, तहान कळत न्हाई."

मी आडोशातून उभा राहिलो. "बापू!"

बापू अजिबात दचकले नाहीत. "माझ्या वाटचं प्यायचं पाणी हाय हे. मी पिईन न्हाईतर कुणाला पाजीन. तुझ्या टिपाडाला हात लावला का?"

तेवढ्यात दार वाजलं. शोभा बाहेर आली, पदराखाली पातेलं. आम्हा दोघांना बघून ती थबकली. पातेल्यातलं पाणी डुचमळून तिच्या साडीवर सांडलं.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"कुठं काय?"

"पदराखाली."

"तांदूळ धुतलेलं पाणी," ती म्हणाली आणि एकदम चिडली. "हो, घालते! रोज घालते! डोळ्यांदेखत झाडं वाळून चालली, आन तुम्ही म्हणता थेंब घालू नका. अक्कांच्या सासूचं बी आहे ते. तुमच्या टाइमटेबलापायी मरू देऊ का?"

"अगं, पण मी दिवसातून चार-चार तांबे..."

माझं वाक्य अर्धवट राहिलं, कारण त्याच क्षणी शेजारच्या भिंतीवरून एक हात आला. हातात प्लॅस्टिकचा मग. तो मग सराईतपणे देवणीवर कलंडला, रिकामा झाला, मागं गेला, भरून पुन्हा आला आणि अहमदपूरवर कलंडला. आम्ही तिघं तोंडाचा आ करून बघत राहिलो.

"सर," मी शेवटी हाक मारली.

हातातला मग तसाच हवेत थांबला. मग कांबळे सरांचं डोकं वर आलं. "व्यंकटराव, तुम्ही झोपत नाही का दुपारी?"

"तुम्ही कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले," सर ओशाळून म्हणाले. "तुम्हाला पाणी पुरत नसेल, आणि मागायला संकोच वाटत असेल, असं मला वाटलं. आमच्या हातपाय धुण्यातलं वाचवत होतो."

मला एकदम लाज वाटली आणि गंमत म्हणजे त्याच वेळी फार बरंही वाटलं. या गावात माणूस माणसाला पाणी देतो हेच मोठं. इथं तर चौघं स्वतःच्या घशाखालचं काढून टोमॅटोला घालत होतो, आणि तेही एकमेकांपासून लपून. आता तरी कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडेल, असं वाचकांना वाटत असेल. आम्हालाही तसंच वाटलं, आणि प्रकाश पडलाही.

"म्हणजे चौघं घालतोय," कांबळे सर बोटांवर मोजत म्हणाले, "तरीही झाडं सुकतात. याचा अर्थ सरळ आहे. यांची गरजच प्रचंड आहे!"

"गावरान हाय," बापूंनी मान डोलावली. "खाणं-पिणं दांडगंच असणार."

"तरी मी म्हणतच होते," शोभा म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्यातला सगळा लपूनछपूनपणा संपला. मी नवं टाइमटेबल केलं, चौघांचं मिळून. गुरुवारी नळ आला तेव्हा शोभानं टिपाडाच्या आधी झाडांना पाइप लावला. लातुरात नळ आल्यावर पहिलं पाणी झाडाला! शेजारणी दारात येऊन बघून गेल्या. बादल्या काठोकाठ भरल्या. एक थेंब खाली गेला नाही, हे मी पुन्हा एकदा अभिमानानं तपासलं. दोन दिवसांनी औशाच्या बादलीत एक बेडूक राहायला आला. मला आनंदच झाला. झाडांना जागा मानवल्याशिवाय बेडूक कशाला येईल?

अशात अक्काचा फोन आला.

"फुलं किती हायत रं?"

"फुलं ना? भरपूर," मी म्हणालो. (खोटं नव्हतं. सगळी फुलं खाली जमिनीवर पडलेली होती, मी ती मोजली नव्हती एवढंच.)

"आन फळ?"

"फळ... विचारात आहे."

"कसला विचार? बरं, मी सोमवारी येऊन राहिले. डोळ्यानं बघते. लई दिस झोप न्हाई मला त्या बियापायी."

सोमवारी सकाळी मी स्टँडवर गेलो. नांदेडकडून येणाऱ्या सगळ्या गाड्या मला तोंडपाठ. पहिलीत अक्का नव्हती. दुसरीतही नव्हती. मी नव्या कंट्रोलरला, तो कसा चुकीच्या फलाटावर गाड्या लावतो हे समजावून सांगत तिसरीची वाट बघत होतो, तेवढ्यात शोभाचा फोन आला.

"अहो, अक्का सोयाबीनच्या टेम्पोत बसून कवाच आल्यात. अंगणात हायेत. लवकर या." मग जरा थांबून ती हळू आवाजात म्हणाली, "नाहीतर उशिरानं या."

मी घरी पोचलो तेव्हा अंगणात चिखलाचा ओघळ फाटकापर्यंत आला होता. सहाही बादल्या उपड्या. बेडूक पायरीवर बसलेला. मधोमध अक्का, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात काळे. भिंतीपलीकडं कांबळे सर फक्त डोळ्यांपर्यंत दिसत होते. बापू खांबाला टेकून आभाळाकडं बघत होते.

अक्कानं एक मुळी माझ्या नाकाशी धरली. काळी पडलेली, बोटानं दाबली तर सालच सुटून येत होती. वास गटारीचा.

"यंकट, ह्या बादल्यांना भोकं कुठं हायत?"

"भोकं? भोकं कशाला? पाणी जाईल ना!"

"जायलाच पायजे की रं ते!"

कांबळे सरांचे डोळेही भिंतीखाली गेले.

"माणसासारखंच मुळाला बी दम घ्यावा लागतो," अक्का म्हणाली. "चार दिस रांजणात बुडून ऱ्हा आन मग सांग मला, तहान लागली का. झाड तहानलं तरी मान टाकतंय, बुडालं तरी मान टाकतंय. पान बघून कळत न्हाई. माती बघावं लागतंय." तिनं बाजूच्या मातीच्या ढिगात बोट खुपसलं, दोन पेरांपर्यंत. "हितवर कोरडं लागलं तर घाल. वलं लागलं तर गुमान घरात जा. एवढंच हाय. ह्याला चौघं कशाला लागतेत?"

"बापू, तुम्ही तरी..." मी वळलो. जन्मभर शेती केलेला माणूस!

"मला काय विचारतो?" बापू खवळले. "माझं कोरडवाहू रान. जवारी, तूर. माझ्या जन्मात एक झाड पाण्यानं मेलेलं मी बघितलं न्हाई. आपल्याकडं पाण्यानं कुणी मरंल असं माझ्या डोक्यात तरी कसं यावं?"

अक्का पायरीवर बेडकाच्या शेजारी बसली आणि मांडीवरची मेलेली झाडं तशीच चाचपत राहिली. "गेलं म्हणायचं," एवढंच म्हणाली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खरंच मान खाली घालून उभा होतो. तिनं जगातलं सगळं बी माझ्या हातात दिलं होतं आणि मी ते पाजून पाजून मारलं होतं. माझे डोळे भरून आले. शोभा तर सरळ रडायलाच लागली.

तेवढ्यात अक्काचं बोट एका फांदीवर थांबलं. देवणीच्या शेंड्याशी एक फुटवा अजून हिरवा होता. तिनं तो नखानं खुडला, वास घेतला. मग अहमदपूरचं झाड उचललं. त्याला तीन सापडले. ती उठली. तिच्या अंगात एकदम बळ आलेलं दिसलं.

"शोभा, रडू नको. कोरडी माती आन. यंकट, सळई तापव. भोकं पाड."

टोमॅटोचा कोवळा फुटवा मातीत खोचला तर त्याला मुळ्या फुटतात, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. (कांबळे सर म्हणाले, त्यांना माहीत होतं, पण कोणी विचारलं नाही.) अक्कानं चार फुटव्यांची खालची पानं काढली. मी सळई लाल करून चार बादल्यांना भोकं पाडली. पश्चात्ताप इतका झाला होता की पहिल्या बादलीला मी तेवीस भोकं पाडली. माती भरायला गेलो तर सगळी खालून गळून गेली. अक्कानं सळई माझ्या हातातून काढून बापूंकडं दिली.

फुटवे लावले, बेताचं पाणी दिलं, सावलीत ठेवले, मुळाशी वाळलेला पाला पसरला. अक्का दोन दिवस मुक्कामाला राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात आली तेव्हा मी बादल्यांजवळ उभा होतो. सहा दहा झाले होते. हातात तांब्या होता.

"मी नुसता बघायला आलो होतो," मी म्हणालो.

"तांब्या घेऊन?"

"तांब्या... सवयीनं आला."

अक्कानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग ती ओसरीत गेली आणि बापूंजवळ बसली.

"झाडं रानात न्यावी तर तिथं रोग हाय," ती म्हणाली. "हितं ठेवावी तर हितं हा हाय."

"मग?" बापूंनी विचारलं.

"झाडं नेता येत न्हाईत. ह्याला नेता येतंय की!"

मला वाटलं, थट्टा चालली आहे. वळून बघितलं तर शोभानं माझी पिशवी भरून दारात ठेवली होती. स्वेटरसुद्धा होता वर. शोभा एवढ्या वेळेवर कधीच तयार झालेली मी बघितली नव्हती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"फळं पिकेपर्यंत," अक्का म्हणाली.

अडीच महिने! बाळंतपणाला माहेरी जातात तसा मी अडीच महिने बहिणीच्या घरी राहिलो. तुरीला पाणी द्यायची पाळी आली की अक्का मला मुद्दाम पिठाच्या गिरणीवर पाठवायची. विहिरीवरच्या मोटारीच्या बटणाकडं मी नुसतं बघितलं तरी तिची सून हाक मारायची, "मामा, चहा झालाय!" रोज संध्याकाळी मी घरी फोन करायचो. शोभा हसत बोलायची. बापूंचा चहा आता हवा तेव्हा होत होता. बापू म्हणे सकाळी मातीत बोट घालायचे, मग शोभा घालायची, मग भिंतीवरून सर घालायचे, आणि तिघांचं एकमत झाल्याशिवाय पाणी पडत नसे.

मी आणि अक्का परत आलो तेव्हा चारही झाडं माझ्या छातीपर्यंत आली होती. चपटी, रेघारेघांची, लाल फळं लगडलेली. अक्कानं फळं निवडली, बी काढून सावलीत वाळवलं, राखेत घोळलं आणि दोन पुरचुंड्या बांधल्या. एक तिच्याकडं, एक शोभाकडं. (माझ्याकडं द्यायचा विषयही निघाला नाही.) पुरचुंडी कपाळाला लावताना अक्काचे डोळे पुन्हा भरून आले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "यंकट माझ्याकडं आला नसता तर हे बी वाचलं नसतं."

मी नम्रपणे हसलो. मग सगळेच हसायला लागले, आणि मला त्या वाक्याचा नीट अर्थ लागायला थोडा वेळ गेला.

यंदा मात्र मी पूर्ण तयारीत होतो. सहा बादल्या आणल्या, मोजून पाच-पाच भोकं पाडली, दोन पेरांपर्यंत बोट घालायचा सराव केला, टाइमटेबल फाडून टाकलं. परवा अक्काचा फोन आला, रोपं तयार झाली म्हणून.

"मग कधी पाठवतेस?" मी उत्साहानं विचारलं.

"उद्या सकाळच्या गाडीनं पाठवते," अक्का म्हणाली. "तू आज संध्याकाळच्या गाडीनं निघ."